लिनक्सवर डेस्कटॉप कुठला घ्यावा: आधी मशीन, मग मराठी टायपिंग, मग बाकीचं

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (बोर्डवरची सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढ्यांवर, मिरजेतल्या दवाखान्यांच्या काउंटरवर, साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्यांकडे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे रिफर्बिश्ड पीसी अजून सर्रास दिसतात. मशीन ठणठणीत, पण विंडोज ११ घेत नाही. मग कुणीतरी लिनक्स सुचवतं आणि 'उबंटू की मिंट', म्हणजे लिनक्सचा कुठला तयार संच (डिस्ट्रो) घ्यायचा, हा वाद सुरू होतो.

तो वाद नंतर घाला. रोज डोळ्यासमोर राहणार आणि हाताला लागणार तो डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट, म्हणजे खालची पट्टी, मेनू, खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम, फाइल मॅनेजर, सेटिंगची खिडकी हे सगळं मिळून. डेबियन या एकाच डिस्ट्रोवर ग्नोम नावाचा डेस्कटॉप टाकला तर एक मशीन वाटतं आणि एक्सएफसीई टाकला तर दुसरंच. खालचा कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा लिनक्सचा गाभा, तोच असतो. म्हणून वायफाय चालत नसेल, प्रिंटर सापडत नसेल तर डेस्कटॉप बदलून काही होत नाही. आपल्याकडे घरोघरी असलेला कॅनन एलबीपी २९०० घ्या. तो कॅप्ट नावाच्या स्वतःच्याच पद्धतीने बोलतो, त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि ही डोकेदुखी सगळ्या डेस्कटॉपवर सारखीच. टॅलीचंही तसंच. ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, ज्या मशीनवर टॅली चालते ते मशीन यातून बाजूला ठेवा.

एक सूचना. खाली ज्या आज्ञा दिल्या आहेत त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा द्यायच्या खिडकीत, अर्थातच इंग्रजी लिपीत टाइप करायच्या.

मशीन काय आहे ते आधी बघा

तीन गोष्टी तपासायच्या: रॅम, डिस्क, ग्राफिक्स. लोक रॅमवर अडतात, पण निकाल बहुतेक वेळा उरलेल्या दोघांवर लागतो.

रॅमसाठी 'फ्री -एच' ही आज्ञा द्या आणि 'अव्हेलेबल' हा शेवटचा रकाना वाचा. 'फ्री' हा रकाना बघून घाबरू नका. लिनक्स मोकळी रॅम डिस्कच्या कॅशसाठी वापरतं आणि मागितली की परत देतं. काहीही न उघडता नुसता डेस्कटॉप सुरू असताना एलएक्सक्यूटी, एक्सएफसीई आणि माटे साधारण ५०० ते ८०० एमबी घेतात, सिनॅमन आणि प्लाझ्मा एक जीबीच्या अलीकडे-पलीकडे, ग्नोम सव्वा ते दीड जीबी. डिस्ट्रोप्रमाणे हे आकडे हलतात, पण क्रम बहुधा असाच राहतो. म्हणजे सगळ्यात हलक्यात आणि सगळ्यात जडात फरक फार तर एक जीबीचा. ४ जीबीच्या मशीनवर तो मोठा आहे, ८ जीबीवर जाणवण्याइतका, १६ जीबीवर विसरून जा. आणि ४ जीबीवर हलका डेस्कटॉप टाकून वर क्रोममध्ये पंधरा टॅब उघडले तर वाचवलेला जीबी पाच मिनिटांत गेला. त्या मशीनवर झेडरॅम चालू करा. डेबियन-उबंटूवर 'झेडरॅम-टूल्स' हे पॅकेज आहे. रॅममधलाच काही भाग दाबून साठवण्यासाठी वापरला जातो, त्यामुळे स्वॅप करायची, म्हणजे रॅममधलं डिस्कवर हलवायची, वेळ उशिरा येते. फेडोरात हे २०२० च्या आवृत्ती ३३ पासून आपोआप चालू असतं.

डिस्कसाठी 'एलएसबीएलके -डी -ओ नेम,रोटा,साइझ'. 'रोटा'खाली १ आला तर फिरणारी हार्डडिस्क, ० आला तर एसएसडी. १ असेल तर डेस्कटॉपची चर्चा तिथेच थांबवा आणि आधी २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी बसवा. हार्डडिस्कवरच्या एक्सएफसीईपेक्षा एसएसडीवरचा ग्नोम चपळ वाटतो. यात मला तरी वादाला जागा दिसत नाही. एसएसडी शक्यच नसेल तर निदान फाइल शोधणारे इंडेक्सर बंद करा, कारण मशीन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं तेच डिस्क घरघरवत बसतात. प्लाझ्मात त्याचं नाव बलू. सेटिंगमध्ये 'फाइल सर्च'खाली बंद करता येतं, किंवा प्लाझ्मा ६ वर 'बलूसीटीएल६ डिसेबल'. ग्नोममध्ये पूर्वीचं ट्रॅकर, आताचं लोकलसर्च. तिथे सेटिंगच्या 'सर्च'मध्ये जाऊन कुठले फोल्डर धुंडाळायचे ते कमी करा.

आता ग्राफिक्स. 'मेसा-यूटिल्स' पॅकेज टाकून 'जीएलएक्सइन्फो -बी' द्या आणि 'रेंडरर' असं लिहिलेली ओळ वाचा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव दिसलं तर ठीक. 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर ग्राफिक्स चिप कामाला लागलेलीच नाही, पडद्यावरचं सगळं प्रोसेसर रंगवतोय. अशा मशीनवर ग्नोम, प्लाझ्मा, सिनॅमन कुठलाही टाका, खिडकी ओढली की मागे ओढल्यासारखी येते आणि पंखा वाजायला लागतो. लोक याला 'लिनक्स स्लो आहे' म्हणतात. दोष ड्रायव्हरचा असतो, तो आधी सोडवा.

तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आय३, आय५ वरचं बोर्डवरचं इंटेल ग्राफिक्स कुठल्याही डेस्कटॉपला पुरतं. त्याच्या मागे गेलात, म्हणजे जी४१ चिपसेटवाला कोअर २ ड्युओ असेल, तर ते ग्राफिक्स ओपनजीएलच्या (पडद्यावर चित्र काढायची ठरलेली पद्धत) २.१ आवृत्तीवरच थांबतं. ग्नोमचे नवे अ‍ॅप ज्या जीटीके ४ वर बांधलेत, त्याच्या २०२४ पासूनच्या रंगवण्याच्या पद्धतीला त्याहून वरचं लागतं, मग काम पुन्हा प्रोसेसरवर येऊन पडतं. तिथे एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी, आणि एक्सएफसीईच्या 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मधलं कंपोझिटिंग, म्हणजे खिडक्यांच्या सावल्या-पारदर्शकता, तेही बंद.

जुन्या एनव्हिडिया कार्डांचा विषय वेगळा. जीटी ७१० सारखी केप्लर पिढीची कार्डं कंपनीच्या ४७० मालिकेच्या ड्रायव्हरवर थांबली, आणि वेलँडला (पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी पद्धत, जुनी ती एक्स११) लागणारी जीबीएम नावाची सोय ४९५ पासून आली. म्हणजे त्या ड्रायव्हरवर वेलँडचा डेस्कटॉप नीट चालायची आशा सोडा. पीसीत असं कार्ड असेल आणि गेम खेळायचे नसतील, तर सरळ कार्ड काढून ठेवा आणि मॉनिटरची वायर बोर्डवरच्या इंटेलच्या पोर्टला लावा. अर्ध्या तक्रारी तिथे मिटतात, शिवाय पॉवर सप्लायवरचा भारही कमी होतो.

कुठला कसा आहे

सिनॅमनपासून सुरू करतो, कारण विंडोज ७ किंवा १० वरून येणाऱ्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, डेस्कटॉपवर फाइली टाकता येतात. तो लिनक्स मिंटवाल्यांचाच असल्यामुळे मिंटवर सगळ्यात नीट बसतो. मिंट २२ ची मालिका उबंटू २४.०४ वर आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, म्हणजे दुकानात टाकलं की काही वर्षं हात लावायला नको. दिवसभर चालू राहिलं की त्याची रॅम फुगते ही जुनी तक्रार आहे. त्यावर सिस्टिम सेटिंगच्या 'जनरल'मध्ये मर्यादा घालायची सोय आहे, ४ जीबीच्या मशीनवर ती चालू करा. पट्टी अडकली तर कंट्रोल-ऑल्ट-एस्केप दाबा. सिनॅमन नव्याने सुरू होतं, उघड्या फाइली तशाच राहतात.

एक्सएफसीई १९९६ पासून आहे आणि तो फार बदलत नाही, हेच त्याचं मोठेपण. २०१५ मध्ये शिकलेल्याला आजचा ४.२० परका वाटत नाही. शाळेची लॅब, ग्रामपंचायतीतला पीसी, बिलिंगचं मशीन, जिथे बसणारा माणूस बदलतो आणि शिकवायला कुणाला वेळ नसतो, तिथे माझं मत एक्सएफसीईला. त्याच्या दोन खोडी माहीत असू द्या. पहिली, व्हिडिओ बघताना पडद्यावर आडवी चीर जाते. सेटिंग एडिटरमध्ये 'एक्सएफडब्ल्यूएम४'खाली 'व्हीब्लँक_मोड' सापडेल, त्याची किंमत 'जीएलएक्स' करा, लॉगआउट करून परत या. दुसरी खोड वीज गेली की दिसते. लॉगआउट करताना 'सेशन सेव्ह करा' वर टिक राहिली असेल आणि नंतर इन्व्हर्टरच्या चेंजओव्हरला पीसी रीस्टार्ट झाला, तर पुढच्या वेळी खिडक्यांना वरची पट्टीच नसते. बंद करायचं बटण नाही, खिडकी हलत नाही, मेनू मात्र चालतो. म्हणजे खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम सुरूच झालेला नाही. टर्मिनल उघडून 'एक्सएफडब्ल्यूएम४ --रिप्लेस' द्या, पट्ट्या परत येतात. मग होम फोल्डरमधल्या लपलेल्या '.कॅश' फोल्डरात 'सेशन्स' म्हणून आहे ते रिकामं करा आणि ती टिक कायमची काढा. सांगलीच्या बाजूला दुपारचा वीजपुरवठा ज्या भागात खेळखंडोबा करतो, तिथे हे दोन मिनिटांचं काम इन्स्टॉल करतानाच उरकून घ्या.

माटे म्हणजे २०११ मध्ये ग्नोम ३ आल्यावर ज्यांना जुना ग्नोम २ सोडवेना त्यांनी पुढे चालवलेला डेस्कटॉप. चांगला आहे. पण आज एक्सएफसीई सोडून तो का घ्यावा, याला सवय सोडून दुसरं कारण मला सापडत नाही. एलएक्सक्यूटी सगळ्यात हलका, लुबंटू (उबंटूचा हलका अवतार) १८.१० पासून त्यावर आहे. २-३ जीबीच्या मशीनला तोच. ३२ बिटचं जुनं अ‍ॅटम नेटबुक असेल तर डेबियन १३ त्याला इन्स्टॉलरच देत नाही, डेबियन १२ घ्यावं लागेल, त्याचे दीर्घ मुदतीचे अपडेट जून २०२८ पर्यंत आहेत. अर्थात त्या नेटबुकवर आजच्या वेबसाइट उघडायचा हट्ट धरू नका.

केडीई प्लाझ्मा पूर्वी जड म्हणून बदनाम होता. प्लाझ्मा ६ फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. ८ जीबी आणि एसएसडीवर तो अगदी सुखाने चालतो. १४ इंची फुल एचडी लॅपटॉपवर त्याला तोड नाही, कारण १२५ टक्के स्केलिंग (सगळं सव्वापट मोठं दाखवणं) तिथे खऱ्या अर्थाने चालतं. हे देवनागरीसाठी महत्त्वाचं. १०० टक्क्यांवर इंग्रजी अक्षरं वाचता येतात, पण अनुस्वार आणि रफार डोळे बारीक करून शोधावे लागतात. 'गाव' आणि 'गावं' यातला ठिपका चुकला तर दस्तात अर्थ बदलतो. एक्सएफसीईत खिडक्यांचं स्केलिंग पूर्ण आकड्यातच होतं, १ नाही तर थेट २. तिथे 'अपीअरन्स'मध्ये फॉन्टचा डीपीआय ९६ वरून ११५-१२० करायचा आणि खालच्या पट्टीची उंची ३२ च्या पुढे न्यायची, नाहीतर उकार कापले जातात. प्लाझ्माचा दोष एकच, सेटिंग बेसुमार. घरातल्या चिरंजीवांनी हौसेने पट्टी उडवली की वडील हवालदिल होतात. पट्टी कुणी न काढता आपोआप गायब झाली तर ऑल्ट-एफ२ दाबून 'प्लाझ्माशेल --रिप्लेस'. पूर्ण केडीई संच न टाकता नुसता 'केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप' टाका. केमेल वगैरे आलं की मागे अकोनाडी नावाचा डेटाबेस चालू होतो, तो कुणालाच लागत नाही.

ग्नोमबद्दल लोक एक तर प्रेमात असतात किंवा चिडलेले. डेबियन आणि फेडोरातल्या मूळ ग्नोममध्ये खिडकी खाली टाकायचं बटण नाही, डेस्कटॉपवर फाइल ठेवता येत नाही, घड्याळाशेजारी अ‍ॅपचे छोटे चिन्ह नाहीत. बटण 'ग्नोम ट्वीक्स'मधून परत आणता येतं. बाकीच्यासाठी एक्स्टेन्शन लागतात, आणि ग्नोमची नवी आवृत्ती मार्च-सप्टेंबरमध्ये आली की जुनी एक्स्टेन्शन तिला चालतीलच असं नसतं. अपडेटनंतर सकाळी डॉक (चिन्हांची पट्टी) गायब, असा प्रकार होतो. उबंटूने डॉक आणि डेस्कटॉपवरच्या फाइली यांची सोय स्वतःच सांभाळली आहे, तिथे हा त्रास कमी. ज्यांचे सगळे हिशेब, पावत्या आणि लग्नाच्या पत्रिका डेस्कटॉपवरच पडलेल्या असतात, त्यांना मूळ ग्नोम देऊ नका. विश्रामबागच्या वालचंद कॉलेजमधल्या मुलाला मात्र जरूर द्या. कीबोर्डवरून काम करणाऱ्याला, लॅपटॉपच्या टचपॅडवर तीन बोटं फिरवणाऱ्याला तो सगळ्यात सरळ वाटतो.

मराठी टायपिंगवर निकाल लावा

माझ्या मते डेस्कटॉपची खरी परीक्षा इथे होते, आणि बहुतेक तुलना लिहिणारे नेमकी हीच सोडून देतात. इन्स्टॉल करायच्या आधी, लाइव्ह पेनड्राइव्हवरूनच (म्हणजे काही न बसवता पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून), हे वाक्य टाइप करून बघा: 'साताऱ्याच्या तळ्याकाठी कृष्णाबाईंनी ज्ञानेशला ऑर्डर दिली.' त्यात ऱ्य आहे, ळ आहे, कृ, ज्ञ आणि ऑ आहे. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, फाइलचं नाव बदलायची चौकट आणि क्रोम, या चारही ठिकाणी ते उमटलं पाहिजे.

तुम्ही इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या सरकारी प्रमाण कीबोर्डवर, टाइप करत असाल तर सुखी आहात. इनस्क्रिप्ट नुसत्या कीबोर्ड लेआउट म्हणून मिळतो, त्याला मागे कुठलं इंजिन लागत नाही, आणि तो सगळ्या डेस्कटॉपवर, सगळ्या अ‍ॅपमध्ये चालतो. एक्सएफसीईत कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लेआउट'वर जाऊन 'सिस्टिम डिफॉल्ट'ची टिक काढा, मग 'इंडियन' यादीतून मराठी घ्या. ग्नोममध्ये 'कीबोर्ड'खाली 'इनपुट सोर्सेस', आणि भाषा बदलायला सुपर-स्पेस (सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ). प्लाझ्मात मेटा-ऑल्ट-के, मेटा म्हणजे तीच कळ. अडचण एकच. साध्या लेआउटमध्ये एका कळीतून एकच चिन्ह निघतं. म्हणून इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-५ ला एकदम मिळणारा ज्ञ तिथे निघत नाही. तो पी, डी, मग शिफ्ट धरून उजवा चौकोनी कंस, म्हणजे ज, हलन्त, ञ असा जोडावा लागतो. ऱ्य साठी शिफ्ट-जे, डी, आणि तिरप्या रेघेची कळ. बोटांना सवय लागायला वेळ लागत नाही.

फोनेटिक टाइप करणाऱ्यांना, म्हणजे इंग्रजी स्पेलिंग मारून मराठी उमटवणाऱ्यांना, आयबस किंवा एफसीआयटीएक्स ५ हा टायपिंग सांभाळणारा प्रोग्राम लागतो आणि त्याच्या जोडीला एम१७एन हा वेगवेगळ्या भाषांच्या कीबोर्डांचा संच. त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक असे पर्याय आहेत. ग्नोममध्ये आयबस आतच विणलेला आहे, 'आयबस-एम१७एन' टाकून लॉगआउट-लॉगिन केलं की यादीत दिसतो. या एका बाबतीत ग्नोम सगळ्यांच्या पुढे. सिनॅमनमध्ये मिंटचं 'इनपुट मेथड' हे टूल आहे, तिथून आयबस निवडा. एक्सएफसीईवर डेबियनची 'आयएम-कॉन्फिग' आज्ञा द्यावी लागते. प्लाझ्मा वेलँडवर असेल तर सेटिंगच्या 'कीबोर्ड' विभागात 'व्हर्च्युअल कीबोर्ड' म्हणून पान आहे, तिथे एफसीआयटीएक्स ५ निवडल्याशिवाय कितीही पॅकेजेस टाका, अक्षर उमटत नाही. नाव व्हर्च्युअल कीबोर्ड असल्यामुळे तिकडे कुणाचं लक्षच जात नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

लेआउट आणि आयबस दोन्ही एकदम लावू नका. आयबस स्वतःचा लेआउट पुढे करतो, मग डेस्कटॉपवरून मराठी निवडली तरी इंग्रजीच येतं. दोन्ही ठेवायचेच असतील तर आयबसच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'सिस्टिमचा कीबोर्ड लेआउट वापरा' ही टिक लावा. क्रोम आणि त्याच्यावर बांधलेली अ‍ॅप वेलँडवर मराठी घेत नसतील तर 'एनेबल-वेलँड-आयएमई' हा पर्याय देऊन सुरू करावी लागतात. फ्लॅटपॅकमधून (डिस्ट्रोपासून वेगळं बांधलेलं सॉफ्टवेअर टाकायची सोय) टाकलेलं अ‍ॅप रुसलं तर तेच अ‍ॅप एपीटीमधून, म्हणजे डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारातून, टाकून बघा.

कोर्टाच्या आवारातले टायपिंगवाले बहुतेक रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांवर, शिकलेले. एम१७एनमध्ये हिंदीच्या यादीत रेमिंग्टन मिळतो, पण ळ आणि ऱ्य त्यातून हवे तसे येतात का ते बसून तपासा, मगच त्यांना मशीन द्या. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइली लिनक्सवर कचरा दिसणार. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात, डेस्कटॉप कुठलाही असो.

मेनू मराठीत ठेवायचा मोह टाळा. भाषांतर अर्धवट असतं, एकाच खिडकीत दोन ओळी मराठी आणि तीन इंग्रजी दिसतात, आणि अडचण आल्यावर इंटरनेटवर शोधायला शब्द सापडत नाहीत. भाषा इंग्रजी, पण प्रदेश 'भारत' निवडा. मग आकड्यांचे स्वल्पविराम लाख-कोटीच्या हिशेबाने पडतात.

वेलँड की एक्स११

हा प्रश्न दोन-तीन वर्षांत आपोआप मिटेल. ग्नोमने सप्टेंबर २०२५ च्या ४९ व्या आवृत्तीत एक्स११ चं सेशन बंद ठेवलं, उबंटू २५.१० मध्ये ते मिळत नाही, आणि केडीईनेही प्लाझ्मा ६.८ पासून फक्त वेलँड असं जाहीर केलं आहे. सिनॅमनचा वेलँड अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे, एक्सएफसीईचाही. एक प्रसंग मात्र आजच विचारात घ्या. कराडच्या दुकानातला पीसी साताऱ्यात बसून दुरुस्त करायचा, म्हणजे एनीडेस्कसारखं काहीतरी लागणार. वेलँडवर बाहेरून पडदा बघू देण्यासाठी समोरच्या माणसाला परवानगीची खिडकी मान्य करावी लागते, आणि काही टूल तर तिथे नीट जोडतच नाहीत. समोर कुणी नसताना जोडायचं असेल तर आज एक्स११ वरचा सिनॅमन किंवा एक्सएफसीईच ठेवा.

टाकताना

डेटा पॅक दिवसाला दीड-दोन जीबीचा असेल तर आयएसओचा, म्हणजे डाउनलोड करायच्या इन्स्टॉलेशन फाइलचा, आकार आधी बघा. उबंटू २४.०४ सहा जीबीच्या घरात जातो, मिंट तीनच्या आसपास, डेबियनचा नेटइन्स्ट एक जीबीच्या आत. पण नेटइन्स्ट उरलेलं सगळं इन्स्टॉल करताना ओढतो, हॉटस्पॉट मध्येच तुटला तर काम अर्धवट. टॉरेंटने उतरवा, तुटलं तरी पुढून सुरू होतं. व्हेंटॉय हा प्रोग्राम घातलेल्या एका ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर तीन-चार आयएसओ नुसते कॉपी करून ठेवता येतात. सिक्युअर बूट (ओळखीचीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर पहिल्यांदा व्हेंटॉय स्वतःची की नोंदवायला विचारतो. पेनड्राइव्हवरून वेगाचा अंदाज घेऊ नका, तो जुन्या यूएसबी पोर्टचा वेग असतो. तिथे वायफाय, आवाज, स्क्रीनचा उजेड, लॅपटॉप मिटून परत उघडल्यावर जागा होतो का, आणि वरचं मराठी वाक्य, एवढंच तपासा.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये शेवटी सॉफ्टवेअर निवडायची यादी येते. वरच्या 'डेबियन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट'वर टिक असली आणि खाली काही बदललं नाही तर ग्नोम बसतो. एक्सएफसीई हवा असेल तर ग्नोमची टिक स्पेस दाबून काढा आणि एक्सएफसीईला लावा.

चालू मशीनवर दुसरा डेस्कटॉप शेजारी टाकून बघता येतो. टाकताना तो विचारतो की लॉगिनचा पडदा कुठला ठेवायचा, जीडीएम३, लाइटडीएम की एसडीडीएम. आधीचा चालत असेल तर तोच ठेवा. सेशन निवडायचं चिन्ह जीडीएममध्ये नावावर टिचकी मारल्यावर उजवीकडे खाली दातेरी चाकाच्या रूपात दिसतं, त्याआधी दिसत नाही. आणि हे करताना एक नवा युजर काढा, नव्या डेस्कटॉपवर फक्त त्यातूनच लॉगिन करा. एकाच खात्यातून ग्नोम आणि प्लाझ्मा आलटून पालटून वापरले की थीम एकमेकांत मिसळतात, वायफायचा पासवर्ड एकदा केवॉलेट विचारतं आणि एकदा ग्नोमची कीरिंग, ब्लूटूथची दोन चिन्हं दिसतात, पीडीएफ भलत्याच प्रोग्राममध्ये उघडते.

काढून टाकणं टाकण्याइतकं सोपं नाही. 'कुबंटू-डेस्कटॉप' (उबंटूवर प्लाझ्मा आणणारं) हे नुसतं एकत्र बांधणारं पॅकेज, ते काढलं तरी त्याने आणलेली शेकडो पॅकेजेस तिथेच राहतात. म्हणून टाकायच्या आधी टाइमशिफ्ट या प्रोग्रामने स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची आहे तशी नोंद, घ्या. तो सिस्टिम मागे नेतो, होम फोल्डरला सहसा हात लावत नाही. स्नॅपशॉट घ्यायचा राहिला असेल तर 'व्हार-लॉग-एपीटी'मधली 'हिस्टरी' फाइल उघडा, त्या दिवशी काय काय आलं त्याची यादी तारखेसकट असते.

पासवर्ड बरोबर देऊनही पुन्हा लॉगिनचाच पडदा येत असेल तर डेस्कटॉपला दोष द्यायच्या आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, काळ्या पडद्यावर लॉगिन करा आणि 'डीएफ -एच' बघा. डिस्क १०० टक्के भरली की कुठलाच डेस्कटॉप सुरू होत नाही. डिस्क मोकळी असेल तर होममधली '.एक्सऑथॉरिटी' ही लपलेली फाइल रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या) नावावर गेलीय का ते 'एलएस -एलए'ने बघा. कुणीतरी सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, खिडकीवाला प्रोग्राम चालवला की असं होऊ शकतं. ती फाइल काढून टाका, पुढच्या लॉगिनला नवी बनते. एवढ्यानेही नाही सुटलं तर 'जर्नलसीटीएल -बी -पी एर' द्या आणि खालून वर वाचत या. बहुतेक वेळा शेवटच्या वीस ओळींत ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव सापडतं.